जेसीबी उतरण्याआधी ढिवराला विचारा

उन्हाळ्यात तलाव आटतात आणि गावात जेसीबी येतो. गाळ काढायलाच हवा, त्यात वाद नाही. पण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या माजी मालगुजारी तलावांत यंत्र उतरवण्याआधी गावातल्या ढिवराला, म्हणजे पिढीजात मासेमाराला, एकदा विचारा, ही कळकळीची विनंती.

हा तलाव म्हणजे पाण्याची टाकी नव्हे. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं जमिनीचा उतार ओळखून हे तलाव बांधले. एक भरला की त्याच्या सांडव्याचं पाणी खालच्याच्या पोटात जायचं. तळही सरसकट खोल नाही. काठाशी उथळ, मग हळूहळू खोल. उथळात देवधान उगवतं, जरा आत कमळ, त्याहून आत पाण्याखालच्या वनस्पती. मासळी तिथेच अंडी घालते, पिल्लं तिथेच लपतात, पाखरं तिथेच चरतात. सरळ कडांचा खड्डा खणला, तर पाणी साठेल. मरळ मासा कुठे वाढणार?

1950च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची मालकी, संपली, तलाव सरकारजमा झाले. निस्तारपत्रकात गावाचे हक्क नोंदले गेले, पण पाळीची डागडुजी आणि पाण्याची वाटणी गावाच्या हातून सुटत गेली. मग तलावांत बेशरम या झुडपाचं रान माजलं.

ते हटवता येतं, हे अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या ढिवर बायांनी करून दाखवलंय. बेशरम मुळासकट उपटायची, तळ नांगरायचा आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावायच्या. कुठली कुठे जगेल, हे पिढ्यान् पिढ्या पाण्यात उभं राहून मासे धरणाऱ्यांना ठाऊक आहे. कुठल्याही अंदाजपत्रकात या ज्ञानासाठी रकाना नसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून सरपंचांनो, गाळाचा ठराव करण्याआधी ढिवर आणि कोहळी म्हाताऱ्यांना घेऊन पाळीवरून एक फेरी मारा. त्यात बायाही असू द्या. उथळ काठाला हात लावायचा नाही, आणि निघालेला गाळ वीटभट्टीवर नाही, शेतात जाईल, हे लिहून घ्या. पुण्यामुंबईत नोकरी करणाऱ्या इकडच्या पोरापोरींनो, आज घरी फोन लावा. तलावातल्या गवतांची, माशांची नावं आजीकडून लिहून घ्या आणि ती यादी ग्रामपंचायतीला पाठवा.

1 मेच्या ग्रामसभेत हा विषय पहिला घ्या. त्यानंतर पावसाला महिना-दीड महिनाच उरतो.