अण्णांचे बूट

दसऱ्यापूर्वी माळा झाडताना आमच्या घरी एक पत्र्याची ट्रंक खाली आली आणि तीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले अण्णांचे बूट निघाले. घोट्याच्या वर वीतभर जाणारे, जाड चामड्याचे, नाडी आवळून बांधायचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, वीज मंडळात लाइनमन होते. भर पावसात, रात्री-अपरात्री खांबावर चढण्याचे काम. निवृत्तीला २४ वर्षे झाली. आज त्यांचे वय ८२ आणि मधुमेह १६ वर्षांचा.

आई म्हणाली, "भंगारात द्या." अण्णांनी उत्तर दिले नाही. दुपारभर बसून त्यांनी ते बूट पुसले, पॉलिश केले, नव्या नाड्या ओवल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे ते बूट चढवून फिरायला निघाले. फाटकातून बाहेर पडताना त्यांची चाल इतकी ताठ दिसली की मलाही बरे वाटले. मी त्यांना अडवले नाही.

पाचव्या दिवशी माझ्या पत्नीला त्यांच्या मोज्यावर तांबूस डाग दिसला. उजव्या टाचेच्या मागे रुपयाएवढी जखम झाली होती. कडा पांढुरक्या, मध्यभागी ओल.

"अण्णा, दुखत नव्हतं का?"

"दुखलं असतं तर थांबलो असतो ना रे!"

मधुमेहात पायांच्या मज्जातंतूंची संवेदना हळूहळू मंदावते, आणि ती मंदावल्याचे रुग्णाला कळत नाही. कारण कळवणारी यंत्रणाच निकामी होत असते. आपण बूट चावला की चाल बदलतो, बसतो, बूट काढतो. अण्णा चार दिवस त्याच जागेवर घासत चालत राहिले. दहा ग्रॅम दाब देणारा एक नायलॉनचा धागा असतो. तो तळव्याला टेकवून ही संवेदना दोन मिनिटांत तपासता येते. माझ्या दवाखान्यात तो टेबलाच्या खणात असतो. असंख्य पायांना तो मी लावला आहे, स्वतःच्या वडिलांच्या पायांना कधीच नाही. त्या रात्री लावला. दोन्ही अंगठ्यांखाली धागा टेकला तरी अण्णा शांतपणे छताकडे पाहत होते.

मग बूट तपासला. आत हात घातल्यावर टाचेपाशी वाळून लाकडासारखी झालेली कड बोटांना लागली. चामड्यातील तेलकटपणा वर्षानुवर्षांत निघून जातो. वरून केलेल्या पॉलिशने ती कड मऊ होत नाही. खांबाखाली ठेवलेल्या बुटात विंचू शिरेल म्हणून अण्णा नोकरीत असताना बूट उपडा आपटूनच घालत, आणि आताही तसेच घालत होते. सवय उत्तम, परंतु आपटून खडा पडतो, शिवणीची कड पडत नाही. तिच्यासाठी हातच आत घालावा लागतो. ज्यांच्या हातांचीही संवेदना कमी झाली असेल, त्यांच्यासाठी घरातल्या दुसऱ्या कोणी घालावा.

दुसरी गोष्ट मापाची. वयाबरोबर पायाचे अस्थिबंध सैलावतात, कमान खाली बसते, पाऊल रुंद आणि थोडे लांब होते. टाचेखालची चरबीची गादी मात्र पातळ होते. संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, अण्णांना कागदावर उभे करून मी पावलाभोवती पेन्सिल फिरवली, तो आकार कापला आणि बुटात सरकवला. कागद दोन्ही बाजूंनी दुमडला. घरी ठेवणीतले बूट असतील तर हे जरूर करून पाहावे. बुटाचा तळ पॉलियुरेथेनचा असेल, तर दमट हवेत नुसता पडून राहूनही तो चालता चालता भुगा होऊन पडू शकतो. अण्णांचा रबरी होता, तेवढे नशीब.

जखमेला ११ आठवडे लागले. त्यातला बराच काळ ते बूट नव्हे, चप्पलही घालत नव्हते. टाचेवर भार येऊ नये म्हणून खुर्चीत बसून असत, आणि त्याचा त्यांना फार राग येई. अशा जखमेवर घरगुती लेप लावू नयेत, पाय गरम पाण्यात बुडवू नये, पिशवीने शेकू नये. भाजलेलेही कळत नाही. मधुमेह्याच्या पायाची जखम लहान असली तरी लगेच डॉक्टरांना दाखवावी. काळेपणा, दुर्गंधी, पसरणारी लाली किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी, रात्र असली तरी.

आता अण्णांकडे रुंद, मऊ, चिकटपट्टीचे बूट आहेत आणि पांढरे मोजे, डाग चटकन दिसावा म्हणून. चिकटपट्टी त्यांना अजिबात आवडत नाही. "बालवाडीतलं पोर वाटतो," असे ते म्हणतात. जुने बूट मी टाकू दिले नाहीत. ते ओसरीवर असतात. दर रविवारी सकाळी अण्णा त्यांना पॉलिश करायला बसतात. मी समोर पाटावर बसतो, आणि एक बूट मांडीवर घेऊन ते दुसरा पाय माझ्या हातात देतात.