‘मिक्सचर लीन’ आहे म्हणे!

चिपळूणकडच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. शौहर कुवेतला नोकरीला, घरी सासू-सासरे आणि दोन मुले, दारात सहा वर्षांची टर्बो पेट्रोल गाडी. इंजिनाचा पिवळा दिवा लागला म्हणून गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, तर पी 0171 हा कोड निघाला. म्हणजे मिक्सचर लीन: हवा जास्त, पेट्रोल कमी. ऑक्सिजन सेन्सर नवा टाकला. दहा दिवसांत दिवा पुन्हा हजर! आता पेट्रोल पंप आणि इंजेक्टर बदलायला सांगताहेत. भगिनी विचारतात, एवढी रक्कम पाठवायला यांना सांगू का?

आमचे उत्तर: एवढ्यात नको.

सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही. धुरात ऑक्सिजन किती उरला, तेवढेच तो सांगतो. ऑक्सिजन जास्त दिसला की गाडीचा कॉम्प्युटर समजतो, पेट्रोल कमी पडले, आणि तो पेट्रोल वाढवतो. पण हा ऑक्सिजन इंजिनातूनच आला, की वाटेत कुठून घुसला, हे सेन्सरला कळत नाही. तो बिचारा खोटे बोलत नाही, त्याच्या साक्षीचा अर्थ आपण चुकीचा लावतो. खबर आली की आधी खातरजमा करावी, ही सूरह हुजुरातची तालीम आपल्या घरात मुलांनाही ठाऊक असते. गॅरेजमध्ये गेल्यावर मात्र कोडचा एक आकडा पाहून हजारो रुपयांचा निकाल लागतो.

टर्बो गाडीत ऑक्सिजन घुसण्याची पहिली जागा म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बो यांचा सांधा. तिथला वायू जोरात चालवताना नऊशे अंश सेल्सिअसच्या घरात जातो. तापणे आणि थंड होणे यात बोल्ट सैल पडतात, गॅस्केट जळते, बिडाला बारीक तडा जातो. धूर सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. दोन धक्क्यांच्या मध्ये दाब क्षणभर उतरतो आणि फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर बहुधा टर्बोच्या पुढेच असतो, त्याला ती हवा दिसते आणि तो ‘लीन’ म्हणतो. कॉम्प्युटर पेट्रोल ओतत राहतो. मिक्सचर प्रत्यक्षात घट्ट झालेले, ॲव्हरेज घटलेले, प्लग काजळलेले, आणि कागदावर मात्र आजार उलटा!

ही फट ओळखायला महागडे यंत्र लागतेच असे नाही. सकाळी थंड गाडी सुरू करताच टिकटिक आवाज येतो आणि इंजिन तापल्यावर, धातू फुगून फट मिटली की, तो थांबतो. सांध्याजवळ काळा डाग दिसतो. तरीही स्मोक टेस्ट करून घेतलेली बरी.

या फटीची आम्हाला पेट्रोलपेक्षा मुलांची काळजी जास्त वाटते. जिथून हवा आत जाते, तिथूनच जोर दिल्यावर धूर बॉनेटखाली बाहेर येतो, आणि गाडीत ताजी हवा घेण्याची जाळी काचेच्या पायथ्याशी, अगदी जवळ असते. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. मागच्या सीटवरच्या मुलांचे डोके दुखते, मळमळते, आणि आपण म्हणतो घाट लागला. अशी शंका असेल तर दुरुस्ती होईपर्यंत लांबचा प्रवास टाळा. जवळपास जावेच लागले तर काचा उघड्या ठेवा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका.

दुसरे कारण मिसफायर. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडलीच नाही, तर पेट्रोलही जळत नाही आणि ऑक्सिजनही. दोन्ही तसेच बाहेर येतात. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, पेट्रोल दिसत नाही. पुन्हा ‘लीन’. टर्बोचा दाब वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते, म्हणून झिजलेला प्लग किंवा अधू कॉइल नेमका घाटात पिकअप मागताना दगा देतो. मिस्त्री म्हणतो, ‘जोर दिला की लीन होते, म्हणजे पंप गेला.’ आधी कॉइलची अदलाबदल करून पाहा. पहिल्या सिलिंडरची तिसऱ्याला लावली आणि मिसफायरही तिकडे गेला, तर चोर सापडला. याला वेळेशिवाय काही खर्च नाही. हे लांबवू मात्र नये, न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो महाग भाग निकामी होतो.

सगळेच ‘लीन’ खोटे नसते, हेही सांगायला हवे. खऱ्या लीनवर टर्बो गाडी जोरात पळवली तर पिस्टन वितळू शकतो. म्हणून खातरजमा होईपर्यंत गाडी हळू चालवावी. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम नावाचा आकडा असतो, कॉम्प्युटरने किती टक्के पेट्रोल वाढवले तो. गाडी उभी असताना ट्रिम बराच चढलेला आणि अडीच हजार आरपीएमला खाली आलेला, तर फट शोधा. ती एक्झॉस्टची असेल किंवा इनटेकची. इनटेकची असेल तर लीन खरे आहे, पण इलाज बहुधा एखादी नळी किंवा क्लिप. उलट जोर देताना ट्रिम चढत गेला, मिसफायर नाही आणि गेजवर पेट्रोलचा दाब पडताना दिसला, तरच पंपाचा संशय रास्त.

ई-20 पेट्रोलचा वाटाही लक्षात घ्या. एक किलो शुद्ध पेट्रोलला साधारण 14.7 किलो हवा लागते, दहा टक्के इथेनॉल असेल तर 14.1, वीस टक्क्यांना साडेतेरा. जुन्या जुळवणीच्या गाडीत एवढ्यानेच ट्रिम चारेक टक्के वर राहू शकतो. तो आजार नव्हे. वीस-पंचवीस दिसला तर मात्र दोष केवळ ई-20 च्या माथी मारू नये.

तेव्हा भगिनींनी गॅरेजला तीन गोष्टी कागदावर लिहून मागाव्यात: उभ्या गाडीचा आणि अडीच हजार आरपीएमचा ट्रिम, स्मोक टेस्टमध्ये काय दिसले, आणि जोर देताना पेट्रोलचा दाब किती. कागदाचा फोटो कुवेतला पाठवता येतो. आणि एवढे होऊन पंप बदलायचाच ठरला, तर जुना पंप परत मागून घ्यावा.