पडद्यावरची मराठी आणि आमची मुले

भाषा विशेषांकाचा अग्रलेख म्हटला की १ नोव्हेंबर १९५६ ची राज्यपुनर्रचना, महाजन आयोग आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला दावा यांचा उल्लेख आल्यावाचून राहत नाही. तो यायलाच हवा. यंदा मात्र आम्ही हे रकाने एका वेगळ्याच वाचकवर्गासाठी राखून ठेवले आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतल्या मराठी शाळांतून शिकून गेलेली आणि आज पुणे, बंगळूर, हैदराबाद येथे संकेतस्थळे तयार करण्याच्या व्यवसायात असलेली आमची मुलेमुली हा तो वर्ग. त्यांच्याकडे आमचे एक मागणे आहे, आणि ते भावनेचे कमी व कामाचे अधिक आहे.

भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण जेथे १५ टक्के वा अधिक असेल, तेथे शासकीय नियम व सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, हे तत्त्व जुने आहे. त्यासाठी आम्ही कचेऱ्यांच्या खिडक्यांशी अर्ज घेऊन उभे राहत आलो. आता खिडकीची जागा पडद्याने घेतली आहे. खिडकीतल्या कारकुनाशी निदान हुज्जत घालता येत होती! पडद्यावर मराठीची अडवणूक होते तेव्हा तिच्यामागे प्रत्येक वेळी कुणाचा आदेश असतोच असे नाही. कित्येकदा कुठेतरी दूर बसलेल्या एखाद्या मुलाने विचार न करता लिहिलेली एक ओळ असते.

एक प्रसंग सांगतो. आमच्या एका विद्यार्थिनीचा प्रवेशअर्ज संगणकावर भरताना नावाच्या मराठी रकान्यात आम्ही ‘पाटील’ असे लिहिले. पडद्याने उत्तर दिले: ‘कृपया केवळ अक्षरे लिहावीत.’ आम्ही तीनदा लिहिले, पडद्याने तीनदा नाकारले. अखेर तो रकाना मोकळा सोडून अर्ज पाठवला. गणपतीला गावी आलेल्या एका माजी विद्यार्थ्याला हे सांगितले तेव्हा तो ओशाळा हसला. म्हणाला, ‘सर, ही चूक मीही केलेली आहे.’ यूनिकोडमध्ये प आणि ट ही ‘अक्षरे’ आहेत. काना, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त यांची गणना मात्र ‘चिन्हे’ या निराळ्या वर्गात होते. नियमात फक्त अक्षरांचा वर्ग घातला की पाटीलमधला काना आणि वेलांटी दाराबाहेर उभी राहतात. त्या वर्गाच्या, म्हणजे ‘एल’च्या, जोडीला चिन्हांचा ‘एम’ घातला की काम होते. केवढीशी दुरुस्ती! तिच्याअभावी अर्धी बाराखडी अग्राह्य ठरते.

याच जातीची दुसरी चूक अधिक विघातक आहे. फ्रेंचसारख्या भाषांतल्या अक्षरांवरील खुणा काढून टाकण्यासाठी काही आज्ञावली सर्व चिन्हे सरसकट पुसून टाकतात. पानाचा पत्ता तयार करताना किंवा शोध सोपा करताना ही युक्ती वापरली जाते. ती मराठीवर चालवली की ‘बेळगाव’चे ‘बळगव’ होते. ज्या गावाच्या नावावरून इतकी वर्षे वाद चालला आहे, त्याची ही गत कोणत्याही बाजूला मान्य होणार नाही.

आता आमच्या आवडीच्या विषयाकडे येतो, कारण व्याकरण शिकवण्यात आमची हयात गेली आहे. दर्या म्हणजे समुद्र. दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. आम्ही घाटावरची माणसे, हा फरक आम्हांस चांगला ठाऊक आहे. ‘दऱ्या’मधला अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. एक, ऱ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून. दुसरा, साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पण ‘अदृश्य कचरा’ समजून ते जोडचिन्ह एखाद्या आज्ञावलीने झाडून टाकले की दऱ्यांचा दर्या होतो, आणि वाचकाला कुणी न सांगता घाट उतरवले जाते. शिवाय एकाने पहिल्या पद्धतीने नोंदवलेले ‘गोऱ्हे’ हे आडनाव दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने शोधले तर सापडत नाही. यूनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरण या दोन रूपांना एक करीत नाही. तेव्हा माहिती साठवण्यापूर्वी र, हलन्त आणि जोडचिन्ह या त्रयीचे ऱ आणि हलन्त असे रूपांतर स्वतःच करावे, आणि शोधाच्या रकान्यातही तेच करावे.

‘ॲ’ची कथाही अशीच. या वर्णाला यूनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. त्याआधीची सवय म्हणून कुणी अ वर चंद्र देतो, कुणी हिंदीच्या कळफलकावरचा ऍ वापरतो. वकिलांच्या यादीत ‘ॲड.’ शोधावे आणि निम्मे वकील गायब, असे होऊ शकते. येथेही एक रूप ठरवून बाकीची त्यात वळवून घेणे हाच उपाय.

जागा मोजताना तर मराठीवर नेहमी अन्याय होतो. ‘श्रीकृष्ण’ हे नाव आपण तीन अक्षरांचे समजतो. संगणकाच्या हिशेबी ते नऊ वर्णांचे आहे, आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक वर्णास तीन बाइट लागत असल्याने २७ बाइटांचे. डेटाबेसमधला नावाचा रकाना ३० बाइटांचा ठेवला की इंग्रजी नाव ऐसपैस बसते. आमचा श्रीकृष्ण जेमतेम बसतो, त्याचे आडनाव बाहेर राहते. मोठा मजकूर मध्येच तोडून टिंबे देताना जोडाक्षराचे दोन तुकडे होतात ते निराळेच. यासाठी ‘इंटल सेगमेंटर’ नावाचे साधन २०२४ पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत आयते आहे. देवनागरी जोडाक्षर एकसंध धरावे हा नियमही यूनिकोडच्या २०२३ मधील १५.१ आवृत्तीत आला. ते वापरावे. आकड्यांचेही तसेच. पायथॉनला ‘१२३’ दिले तर तो मुकाट्याने १२३ समजतो, जावास्क्रिप्ट मात्र ही संख्याच नव्हे म्हणते. आजोबांनी दूरध्वनी क्रमांक मराठी आकड्यांत लिहिला तर त्यांना परत पाठवू नये. आकडे आपण बदलून घ्यावेत.

पानाच्या आरंभी भाषा कोणती ते सांगणारा ‘लँग’ हा गुणधर्म असतो. कित्येक मराठी पानांवर तेथे इंग्रजीचा संकेत तसाच पडून असतो. परिणाम काय? दृष्टिहीनांसाठी पान वाचून दाखवणारे यंत्र भलत्याच भाषेच्या तोंडाने मराठी वाचू लागते. तेथे ‘एमआर’ लिहिले की योग्य आवाज निवडता येतो, आणि टंकात सोय असेल तर ल आणि श ही अक्षरे मराठी वळणाची दिसतात, जी महाराष्ट्र शासनाने २००९ साली प्रमाण ठरवली. टंकांची आता वाण नाही: नोटो, मुंबईच्या एक टाइप संस्थेचा मुक्त, खास मराठीसाठीचा टिरो देवनागरी मराठी, सारे विनामूल्य. शीर्षकाला अक्षरांमधले अंतर वाढवून शिरोरेषा मात्र तोडू नये, आणि दोन ओळींत जागा थोडी अधिक सोडावी म्हणजे मात्रा कापल्या जाणार नाहीत.

भाषेच्या या संकेताविषयी आणखी एक सांगायचे आहे, ते सीमाभागातल्या माणसाखेरीज कुणाला चटकन सुचणार नाही. ‘एमआर’ म्हणजे मराठी, त्यापुढे ‘इन’ जोडले की भारतातील मराठी. त्यात राज्य कोठेही येत नाही. असे असता काही संकेतस्थळे वाचकाचे ठिकाण पाहून भाषा ठरवतात: पुण्यात मराठी, बेळगावात कन्नड अथवा इंग्रजी. हे करू नये. वाचकाच्या ब्राउझरने कोणती भाषा मागितली आहे ते पाहावे, आणि निवडीच्या यादीत ‘मराठी’ हे नाव मराठीत, ठळक, पहिल्याच पानावर ठेवावे. कन्नड वाचकाशी आमचे वैर नाही. पुण्यात बसलेल्या कन्नडिगालाही हीच सोय मिळाली पाहिजे.

आणि वाक्ये! ‘सुरेश ने अर्ज केला’, ‘शाळा चा पत्ता’ असली मराठी रोज पडद्यावर दिसते. इंग्रजी वाक्यात रिकामी जागा सोडून तेथे नाव भरण्याची पद्धत मराठीत चालत नाही, कारण आमच्याकडे सामान्यरूप आहे. शाळाचे शाळेचा होते, राम चे रामाने होते, आणि क्रियापद लिंगाप्रमाणे बदलते. यंत्राला हे शिकवत बसण्यापेक्षा वाक्यच वेगळे बांधावे: ‘अर्जदार: सुरेश’, ‘शाळेचा पत्ता:’ आणि पुढे नाव. सातवीचे व्याकरण आठवले तरी पुरे.

जुन्या मजकुराबद्दल आमच्याकडेही दोष आहे. आमच्या वार्षिकांकांच्या, स्मरणिकांच्या कित्येक फायली निरनिराळ्या कंपन्यांच्या जुन्या टंकांत आहेत. त्या टंकाविना उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. रूपांतराच्या आज्ञावली उपलब्ध आहेत. पण रूपांतरानंतर रफार आणि वेलांट्या जागच्या सरकतात, ते डोळ्यांनी तपासावे लागते. नव्या सूचना तरी छायाचित्र वा पीडीएफ म्हणून न टाकता साध्या मजकुराच्या पानावर टाकाव्यात. नाहीतर पुढच्या पिढीला त्या शोधता येणार नाहीत.

तपासण्याचे काम आमचे. समितीतील आम्ही शिक्षक मंडळी अडचणीच्या नावांची आणि शब्दांची एक यादी करीत आहोत: वऱ्हाडपांडे, गोऱ्हे, बाळकृष्ण, श्रीकृष्ण, ॲड., दर्या, दऱ्या, शिवाय ल, ळ आणि ह ने आरंभ होणारे काही शब्द. हे शेवटचे क्रमवारीसाठी, कारण संकेतांकांच्या क्रमात ळ हा ल च्या मागोमाग येतो आणि आमच्या वर्णमालेत ह च्या नंतर. ज्याला आपले संकेतस्थळ या यादीवर घासून पाहायचे असेल त्याने सुटीत गावी आल्यावर शाळेत यावे. संध्याकाळी पाचनंतर आम्ही तेथेच असतो.