गढीची भिंत आणि बुजलेली विहीर

दरवर्षी 17 सप्टेंबरला मराठवाड्यातील हुतात्मा स्मारकांवर पुष्पचक्रे वाहिली जातात. ते योग्यच आहे. परंतु स्मारक म्हणजे रणभूमी नव्हे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाची रणभूमी नांदेड-लातूरच्या खेड्यांत विखुरलेली आहे आणि ती मातीत मिसळत चालली आहे.

13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्याने नळदुर्गचा पूल घेतला. त्याची नोंद लष्कराच्या दप्तरात आहे. कंधार तालुक्यातील कल्हाळीच्या गढीतून रझाकारांशी झालेल्या झुंजीचे दप्तर कोणते? गढी पांढऱ्या मातीची. लोक घरे लिंपण्यासाठी ती माती वाहून नेतात आणि मातीबरोबर पुरावाही जातो. अशा स्थळांची मोजणी, नकाशे आणि भिंतींची छायाचित्रे हे काम विद्यापीठांनी हाती घ्यावे. उमरीची बँक 30 जानेवारी 1948 रोजी, गांधीजींच्या हत्येच्याच दिवशी, लुटली गेली. त्या हाली शिक्क्याच्या रकमेचा प्रवास शोधणे मला, अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून, अधिक मोलाचे वाटते. पण तो छंद बाजूला ठेवतो.

साहित्याचेही तसेच. अनंत भालेरावांचा 1987 चा ग्रंथ आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी आपल्यापाशी आहेत. ही पुढाऱ्यांची, लढवय्यांची साक्ष. सीमेवरील शिबिरांना भाकरी पुरवणाऱ्या बाईची साक्ष तिच्याबरोबर गेली.

आणि एक साक्ष आपण ऐकूच इच्छीत नाही. पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार यांचे मंडळ 1948 च्या अखेरीस या भागात फिरले. पोलीस कारवाईनंतर एकट्या लातुरात हजाराहून अधिक मुसलमान मारले गेले, असे त्यांच्या अहवालात आहे; नांदेड जिल्हाही सर्वाधिक झळ लागलेल्या चारांत होता. अहवाल खुला व्हायला 2013 साल उजाडले. रझाकारांचे अत्याचार खरे होते, म्हणून हे खोटे ठरत नाही. अहवालात प्रेतांनी भरलेल्या विहिरी आहेत. गढीची भिंत मोजणारा अभ्यासक बुजलेल्या विहिरीपाशी पाठ फिरवणार असेल, तर त्याने भिंतही मोजू नये.

निजामी दप्तर उर्दूत आहे, गावाची आठवण मराठीत आणि दखनीत. तेव्हा या कामाला दोन्ही समाजांतली माणसे एकाच तुकडीत लागतील. आरंभ एखाद्या एकाच तालुक्यापासून, कंधारपासून, करता येईल.