क्षयाचा खर्च आणि घरातले ताट

क्षयरोगावर सरकार खर्चच करीत नाही, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न आहे तो पैसा कुठे टाकला तर अधिक फळेल, हा. १९५९ साली मद्रासच्या संशोधकांनी दाखवून दिले की, घरी राहून नियमित औषधे घेणाऱ्या रुग्णालाही सॅनेटोरियमइतकाच गुण येतो. खाटांवरचा खर्च वाचला आणि साऱ्या जगाने तो धडा उचलला.

दुसरा धडा २०२३ साली झारखंडातून मिळाला. रुग्णाबरोबर घरच्यांनाही दरमहा तांदूळ-डाळ दिली, तेव्हा केवळ रुग्णालाच शिधा मिळालेल्या घरांच्या मानाने नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी राहिले.

आज रुग्णाला पोषणासाठी दरमहा १००० रुपये मिळतात. २०१८ साली ते ५०० होते. घरच्यांच्या शिध्याची भिस्त मात्र ‘निक्षय मित्र’ म्हणवणाऱ्या दात्यांवर आहे. दानावर रोगनिवारण किती काळ चालवायचे? हा शिधा रेशन दुकानातून, सरकारी खर्चाने, उपचाराच्या पहिल्याच महिन्यापासून मिळायला हवा. एका माणसाच्या औषधापाण्यापेक्षा आधीच घातलेले दोन घास स्वस्त पडतात, हे घर चालवणाऱ्या कोणत्याही गृहिणीला पटेल. सरकारलाही पटावे!