बेपत्ता पित्याची संमती

पत्नीच्या पहिल्या विवाहाचे मूल सावत्र पित्याने रीतसर दत्तक घ्यावे, यात आज कोणाला वावगे वाटत नाही. परंतु त्या मुलाचा जन्मदाता कोठे आहे हेच कोणास ठाऊक नसेल, तर १९५६ चा हिंदू दत्तक व पोटगी कायदा आईची जी कुचंबणा करतो, तिला न्याय म्हणणे मला तरी अशक्य आहे.

कलम ९ पाहावे. २०१० च्या दुरुस्तीने मूल दत्तक देण्याचा अधिकार आईलाही पित्याच्या बरोबरीने मिळाला. मात्र एकाने तो दुसऱ्याच्या संमतीवाचून वापरावयाचा नाही. दुसरा हयात असता अपवाद तीनच. त्याने पूर्णतः व कायमचा संसारत्याग केलेला असावा, हिंदू धर्म सोडलेला असावा, किंवा न्यायालयाने त्यास मनोविकल ठरविलेले असावे. म्हणजे भगवी वस्त्रे लेऊन संन्यास घेणाऱ्यास विचारण्याचे कारण नाही. पण घरभाडे थकवून, तान्हे मूल टाकून परागंदा झालेल्या गृहस्थाचा मान कायद्याने अबाधित राखला आहे! टाकून दिलेल्या मुलाचा उल्लेख त्याच कलमात पुढे येतो खरा, पण तो आईबाप दोघांनीही टाकले तर. एकट्या बापाने टाकलेले मूल, आईने पोटाशी धरले एवढ्याच अपराधासाठी, त्या कृपेला मुकते.

१९५५ च्या विवाह कायद्यान्वये दोन वर्षांचा परित्याग घटस्फोटास पुरतो. त्या आधारावर स्त्रीला पुनर्विवाह करता येतो; मुलाच्या दत्तकास मात्र तोच परित्याग पुरत नाही. सात वर्षे थांबा, असा सल्ला मिळतो, कारण सात वर्षे ज्याची वार्ता नाही त्यास मृत मानण्याचे जुने तत्त्व २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. पण तशी रूढी नसेल तर दत्तकास वयाची मर्यादा पंधरा वर्षांची! नवव्या वर्षी बापाने सोडलेले मूल तोवर सोळा वर्षांचे होते. आणि मधल्या काळात सावत्र पिता मृत्युपत्र न करता वारला, तर १९५६ च्याच वारसा कायद्यात त्याच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत या मुलास स्थान नाही.

आई आणि नवा पती संगनमत करून जिवंत बापाचा हक्क पुसून टाकतील, हा आक्षेप हलका नाही. बदलीमुळे दूर गेलेल्या बापासही उद्या कोणी बेपत्ता म्हणेल. परप्रांती नेमणुकीवर असलेल्या आपण तर हे विसरूच नये. म्हणून शोध कसून व्हावा. नातलग, शेवटचा पत्ता, नोकरीचे ठिकाण, पोलीस ठाणे आणि दिवाणी प्रक्रिया संहितेस मान्य असलेली वर्तमानपत्रातील नोटीस, हे सर्व न्यायालयाने तपासावे, आणि मगच संमती माफ करावी. इंग्लंडने आपल्या १९२६ च्या दत्तक कायद्यातच, ज्याचा शोध लागत नाही अशाची संमती माफ करण्याचा अधिकार न्यायालयास दिला होता. आपण त्यांचा पुराव्याचा कायदा दीडशे वर्षे जपला, हे कलम तेवढे उचलावयाचे राहिले.

पालकत्वाच्या कायद्यातील ‘पित्याच्या पश्चात’ याचा अर्थ ‘पित्याच्या अनुपस्थितीत’ असा सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली गीता हरिहरन प्रकरणी लावला. एखादा सहृदय न्यायाधीश त्याच्या आधारे दत्तकाच्या प्रकरणातही वाट काढीलही. परंतु आईने न्यायाधीशाच्या सहृदयतेवर किती काळ विसंबून राहावे? कलम ९ मध्ये चौथा अपवाद घालावयास संसदेला एका वाक्याची दुरुस्ती पुरेल.