कातडीचा रंग

साठी उलटल्यावर तैलचित्र शिकायला निघालेल्या माणसाची कीव करावी. पण त्याच्या हाती 'फ्लेश टिंट' नावाची तयार ट्यूब देणाऱ्याला मात्र सोडू नये! फ्लेश म्हणजे कुणाचं हो? ट्यूब दाबली की बाहेर येतो गुलाबी साहेब! आणि राजगडाच्या पायथ्याशी, गुंजवण्यात, माझ्यासमोर बसली होती उन्हात रापलेली आठ वर्षांची पोर. (बसली कसली, मिनिटाला चारदा उठत होती.) तासाभरात कॅनव्हासवर विलायती बाहुली अवतरली.

अमेरिकेतल्या क्रेयोला कंपनीने आपल्या 'फ्लेश' खडूचं नाव १९६२ सालीच बदलून 'पीच' केलं. मला मात्र अजून तीच ट्यूब, वर दुकानदाराचा सल्ला: "लहान मुलांना हाच चालतो." कुणाच्या लहान मुलांना?

सगळं पुसून काढलं. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, किंचित पांढरा, आणि सावलीत चक्क निळा. तेव्हा कुठे गाल मावळातला झाला.

मागून पोरीची आजी डोकावली. "आधीचंच ब्येस व्हतं की वो. गोरीपान. लगनाच्या टायमाला दावायला झालं असतं!"

दुकानदाराशी भांडता येतं. आजीशी काय भांडणार? मी मुकाट्याने टर्पेंटाइनमध्ये ब्रश धुवायला घेतले.